चौदाव्या मजल्यावरचं खाचर

“थुंका! म्हात्रेबाई, आधी थुंका ते!”

ओरडत होते आमचे सबनीस सर. सरांचा आवाज एरवी इतका सभ्य, की पहिल्या बाकापर्यंत पोचेस्तोवर दमून खाली बसायचा. पण त्या रविवारी सकाळी तो कल्याणच्या आमच्या अभ्यासकेंद्रातून जो सुटला, तो मोहन्याच्या जुन्या कारखान्याच्या चिमणीवर आपटून परत आला आणि येताना चार कावळे घेऊन आला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

टेबलावर काचेच्या तीन बशा होत्या. बशांत तीन ठिकाणची माती. आणि मधल्या बशीतली चिमूटभर माती एकसष्ट वर्षांच्या, नऊवारीतल्या, मनगटापासून कोपरापर्यंत सोनं चढवलेल्या एका बाईंच्या तोंडात होती. लग्नाच्या पंगतीआधी आचारी डोळे मिटून आमटी चाखतो, तशा त्या ती चाखत होत्या.

“बाई, ती माती आहे,” सर म्हणाले.

“मंग मना काय श्रीखंड वाटला?” बाईंनी एक डोळा उघडला. “तू कला वरडतंस, मास्तर? खाल्ली मी आनि ठसका तुना लागला.”

मग त्यांनी खिडकीतून व्यवस्थित थुंकून, चूळ भरून, पदराला तोंड पुसून निकाल दिला. “खारी माती हाय. पन आमच्या कोलशेतची नाय, दिवा ठेसनाच्या अंगाची. आनि दोन-तीन वरसं हिच्यान कोनीतरी गोडं पानी खेलवलंय. आजून दोन वरसं खेलवा, मंग भाजी येल.”

सरांनी बशी उचलून तळाला चिकटवलेली चिठ्ठी वाचली. चिठ्ठीत काय होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. नुसता चष्मा काढला, पुसला आणि उलटा घातला. आम्ही काय समजायचं ते समजलो.

हौसाबाई म्हात्रे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

आता मी तिथे काय करत होतो, ते आधी सांगून टाकतो आणि बाजूला होतो. शेतकीचं विद्यापीठ लांब कोकणात, डोंगरावर. त्याचं एक शेपूट कल्याणमध्ये येऊन पडलेलं होतं. नोकरदारांसाठी, गृहिणींसाठी, एक वर्षाचा बागकाम आणि शेतीचा पदविका अभ्यासक्रम, वर्ग फक्त रविवारी. आम्ही अकरा विद्यार्थी. अकरा जणांची मिळून एकूण जमीन सव्वीस कुंड्या. मी डोंबिवलीच्या एका बँकेत काउंटरवर बसायचो आणि माझ्या हातून गॅलरीत कोरफडसुद्धा मेली होती. कोरफड मारायला माणसाच्या अंगी खास काही असावं लागतं, असं बायको म्हणाली, आणि त्या रागात मी नाव नोंदवलं होतं.

हौसामावशी मात्र यायच्या पांढऱ्याशुभ्र, एखाद्या दुकानाच्या गाळ्याएवढ्या गाडीतून. गाडी चालवायला मुलगा बाळाराम. गाडी केंद्राच्या गल्लीत शिरली की गल्ली संपायची. मागचं टोक रिक्षा स्टँडवर राहायचं. त्यातून मावशी उतरायच्या, हातात नायलॉनची बाजारची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक आणि चार थरांचा डबा. पुस्तकाला रविवारपासून रविवारपर्यंत सुकटीचा वास असायचा. पाठ चौथा, ‘सेंद्रिय खते’, मला आजही त्या वासाशिवाय आठवत नाही.

वर्गात कोणालाही त्यांनी नावाने हाक मारली नाही. मी ‘बँकवाल्या’. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ‘शिट्टी’. सबनीस सर मूळचे पुण्याचे, ‘आपण’शिवाय बोलत नसत, त्यांना मावशींनी पहिल्या दिवशी ‘मास्तर’ आणि ‘तू’ केलं ते कायमचं. दोन महिन्यांनी एकदा चुकून त्या ‘तुमी’ म्हणाल्या, तर सर दिवसभर अस्वस्थ होते. मधल्या सुट्टीत येऊन मला विचारलं, “माझं काही चुकलं का हो?”

ठाण्याच्या खाडीकाठची निम्मी कोलशेत ज्या बाईच्या सासरची होती असं लोक सांगत, ती आमच्या बरोबर कुंडीत माती कशी भरावी हे शिकायला का येते, हे कोणाला उमगेना. तिसऱ्या रविवारी डब्यातल्या तांदळाच्या भाकरीचे अकरा तुकडे करता करता मावशींनी स्वतःच सांगितलं.

त्या राहतात तो सत्तावीस मजल्यांचा टॉवर, नाव ‘हरितस्वप्न’, उभा आहे तो त्यांच्याच खारीवर. खारी म्हणजे खाडीकाठची खारट जमीन. तिथे पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात शेजारच्या आगरात मीठ, असं त्यांच्या सासऱ्यांपर्यंत चाललेलं. मग टॉवर आला, म्हात्र्यांना त्यात फ्लॅट मिळाले, मावशी चौदाव्या मजल्यावर गेल्या. खाली सोसायटीची बाग झाली. बागेत हिरवळ. ती हिरवळ दर मार्चमध्ये पिवळी पडायची. मग कंत्राटदार यायचा, सतरंजी गुंडाळावी तशी जुनी हिरवळ गुंडाळून न्यायचा आणि नवी अंथरायचा. तीही पुढच्या मार्चला पिवळी.

“चौदाव्या माल्यावरना मना दिसायचा ना,” मावशी म्हणाल्या. “एक दिस खाली जेले, चिमूट घेतली, जिबेला इचारला. पोटान मीठ तसाच हाय. वरती लाल माती टाकून मीठ मरतंय का? सेक्रेटरीला सांगितला, बाबा, हिथं गवत नाय जगायचा. हिथं आमचा खारा भात लाव.”

सेक्रेटरी म्हणजे वागळे. वागळ्यांनी आयुष्यभर कुठल्याशा कार्यालयात परिपत्रकं काढली होती आणि निवृत्त झाल्यावर तो सगळा साठा सोसायटीच्या फळ्यावर रिकामा करत होते. त्यांनी मावशींचं ऐकून घेतलं आणि हसले. दुसऱ्या दिवशी मावशींनी खुरपं घेऊन बागेचा एक कोपरा उकरला. तिसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस: ‘बागेतील मातीस प्रशिक्षित व प्रमाणपत्रधारक माळ्याखेरीज कोणीही हात लावू नये.’

“त्याच कोपऱ्यान मी नवी नवरी म्हनून पयली लावनी केली,” मावशी म्हणाल्या. “आनि यो मना सांगतो, हात नको लावू.”

दुसरं कोणी असतं तर कोर्टात गेलं असतं. बाळाराम तर मित्रांना घेऊन वागळ्यांना भेटायला निघालाच होता, आणि बाळारामचे मित्र ज्याला भेटतात त्याला नंतर बरेच दिवस कोणालाच भेटावंसं वाटत नाही. मावशींनी त्याला थांबवलं. त्यांनी बोट फिरवत ती नोटीस चार वेळा वाचली आणि वागळ्यांचं दार वाजवून शांतपणे विचारलं, “ते प्रशिक्षित कुठं मिलतं?”

पीडा टळावी म्हणून वागळे म्हणाले, “विद्यापीठात.”

तर मावशी त्यासाठी आल्या होत्या. कागद मिळाला तर त्यांच्या मातीला त्यांचा हात लागणार होता. नाही मिळाला तर चौदाव्या मजल्यावरून पिवळं गवत बघत बसायचं. आम्ही बाकीचे दहा जण हौसेने आलो होतो. नावात हौस असलेली बाई एकटीच कामाने आली होती.

शाळा त्यांची सातवीपर्यंत झालेली. लिहायला वेळ लागायचा, पण एकदा लिहिलं की खोडायच्या नाहीत. पहिल्या चाचणीत प्रश्न होता, भाताच्या दोन ओळींत अंतर किती ठेवावे. मावशींनी लिहिलं, ‘एक वीत. माजी. मास्तरची नको.’ सरांनी अर्धा गुण कापला आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वीत हे प्रमाणित एकक नव्हे.’ मावशी पेपर घेऊन टेबलापाशी गेल्या, हात टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, “मोज.” सरांनी पट्टी लावली. बरोबर वीस सेंटिमीटर. पुस्तकातही वीसच. सरांनी पुन्हा लावली, उलट्या बाजूने लावली. वीसच. मग मावशींनी सरांचा हात धरून त्यांची वीत मोजायला लावली. ती भरली साडेबावीस. “बग,” त्या म्हणाल्या. “तुज्या वितीन शेत लावला तर निम्मी जागा बेडूक खातील.” अर्धा गुण परत मिळाला. त्यानंतर केंद्रातली पट्टी हरवली, तर वर्षभर कोणी नवी आणली नाही. काही मोजायचं झालं की मावशींना बोलवायचं.

पण खरी मजा झाली ती मिठाची. जमिनीतला क्षार मोजायचं एक यंत्र केंद्रात होतं, जाड्या पेनासारखं, मातीच्या पाण्यात बुडवलं की काचेवर आकडा दाखवणारं. सर त्या यंत्राला मखमली पिशवीत ठेवत. मावशींना ते यंत्र म्हणजे आगाऊ सून वाटायची. चार रविवार दोघांची जुंपली. सर माती भिजवून यंत्र बुडवणार, मावशी चिमूट जिभेवर ठेवणार, मग दोघं एकदम बोलणार. मावशींना आकडे ठाऊक नव्हते, त्या स्वयंपाकघरातून बोलायच्या. शेवटी फळ्यावर एक तक्ता तयार झाला: फिकं वरण म्हणजे दोन, नीट वरण चार, लोणचं आठ, सुकट बारा. हा तक्ता सरांनी डस्टरने पुसला, पण आधी इकडेतिकडे बघून वहीत उतरवून घेतला. ‘जिबेला इचार’ हे मावशींचं पालुपद होतं. आता सरही शिकवताना एखाद्या अवघड जागी थबकले की नकळत त्यांची जीभ ओठांवरून फिरायची.

मग आला प्रकल्प. प्रत्येकाने चार महिने एक पीक वाढवायचं, रोजची नोंदवही ठेवायची, आणि विद्यापीठाचे परीक्षक घरी येऊन ते पाहणार. निम्मे गुण त्याचेच. मी पुदिना घेतला. पुदिना मरत नाही असं मला अनेकांनी सांगितलं होतं. मावशींनी जाहीर केलं, “खारा भात.”

“कुठे लावणार?” सरांनी विचारलं.

हा प्रश्न बघा कसा होता. कागदासाठी पीक काढायचं, पिकासाठी माती हवी, आणि मातीला हात लावायला कागद हवा. ज्यांच्या खारीवर सत्तावीस मजले उभे, त्यांच्याकडे एक गाढव लोळेल एवढीही मोकळी जमीन नव्हती. मावशी आठवडाभर विचार करत राहिल्या. पुढच्या रविवारी बाळाराम गाडीतून उतरला तो कंबर धरून. त्याच्या फ्लॅटमधल्या एका न्हाणीघरात बिल्डरने हौसेने सहा फुटी बाथटब बसवून दिला होता. घरातलं कोणी त्यात कधी बसलं नव्हतं. त्यात कांदे आणि गणपतीचं मखर असायचं. तो टब आठ माणसांनी उखडून मावशींच्या बाल्कनीत नेऊन ठेवला होता. त्या आठांतला एक माणूस अजून सरळ उभा राहत नाही, असं ऐकतो.

बियाणं खाडीपलीकडून आलं. मावशींच्या बहिणीच्या खारीत अजून तो लाल दाण्याचा भात पिकायचा. राहिली माती. नर्सरीतून आणलेल्या पोत्यात मावशींनी हात घातला, वास घेतला आणि म्हणाल्या, “ही माती नाय, यो कातलेला नारल हाय.” बाळारामने खाडीतला गाळ तीन गोण्या भरून लिफ्टने वर नेला. बेत छान होता. फक्त एका गोणीत जिवंत चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, होती. ती नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडल्याबरोबर बाहेर पडली आणि कोणाच्या तरी उघड्या दारातून सरळ आत गेली. त्या घरात सत्यनारायणाची पूजा चालू होती. काही जणांच्या मते ती प्रसाद घेऊनच बाहेर आली.

संध्याकाळी फळ्यावर नोटीस: ‘लिफ्टमधून चिखल, गाळ व सजीव प्राणी नेण्यास सक्त मनाई आहे.’

टब अजून निम्मा रिकामा. मग आम्ही बाकीचे दहा जण कामाला लागलो. रोज संध्याकाळी दोघं-तिघं कोलशेतला जायचो, खाडीवर डबे भरायचो आणि जेवायला आल्यासारखे चौदाव्या मजल्यावर जायचो. वॉचमन रजिस्टर पुढे करायचा आणि चकित होऊन विचारायचा, “आज भी पार्टी?” मी ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ‘भोजन’ लिहायचो.

एकदा घोटाळा झाला. रात्री न रिकामा केलेला गाळाचा डबा मी सकाळी जेवणाचा समजून बँकेत नेला. आमच्या मॅनेजरसाहेबांना दुसऱ्याच्या डब्यात आधी बोट घालायची सवय. त्यांनी झाकण काढलं, बोट बुडवलं, चाटलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मिसेसना सांगा, चटणीत मीठ जास्त झालंय.” मी हे मावशींना सांगितलं. त्यांनी हसायचं सोडून गंभीरपणे विचारलं, “किती जास्त बोलला? लोनचा का सुकट?”

भात आला. काय भात आला म्हणता. चौदाव्या मजल्यावरचा वारा, खालच्यापेक्षा चौदापट आगाऊ, पण मावशींनी टबाला छत्रीच्या काड्यांचा पिंजरा केला. दाणे भरायला लागले तशी ठाण्यातली एकूण एक कबुतरं कोलशेतला राहायला आली. मावशी दिवसभर बाल्कनीत स्टुलावर बसायच्या, मांडीवर वही आणि हातात गोफण. गोफणीत मातीची गोळी. नेम असा, की सून सुगंधा सांगते, समोरच्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावरच्या कबुतराने एकदा नुसतं इकडे वळून पाहिलं आणि गावच सोडलं. तिसरी नोटीस लागली: ‘बाल्कनीतून गोफण चालवू नये.’ भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही सोसायटीच्या फळ्यावर ही नोटीस मी पाहिलेली नाही.

ऑक्टोबरात परीक्षक आल्या. परब मॅडम, विद्यापीठातल्या डॉक्टर, वयाने मावशींच्या सुनेएवढ्या, कागदाची फाइल छातीशी धरलेल्या. आदल्या घरी त्यांनी माझा पुदिना पाहिला होता. पाहिला म्हणजे कुंडी पाहिली. पुदिना नव्हता. मॅडमनी सहानुभूतीने ‘कुंडी स्वच्छ’ असा शेरा मारला होता. तिथून त्या, सबनीस सर आणि मी कोलशेतला आलो. लिफ्टमध्येच वागळे भेटले. विद्यापीठाची माणसं आली म्हटल्यावर तेही चौदाव्या मजल्यावर आले, काखेत नोटिसांची वही घेऊन.

बाल्कनीचं दार उघडलं आणि चौघंही उंबऱ्यातच थबकलो. पांढऱ्या टबात सोनेरी भात लोंब्यांनी वाकलेला, मागे खाडी, आणि मधे मावशी, ठेवणीतल्या जरीच्या पातळात. नेहमी मोठ्याने बोलणाऱ्या त्या बाईचे हात पहिल्यांदा मला पदराशी चाळा करताना दिसले.

परब मॅडमनी नोंदवही उघडली. ‘आज रोप हसला.’ ‘आज वारा वंगाळ, रोपाला गाना बोलले.’ ‘कबुतर ४, मी ३.’ दुसऱ्या दिवशी, ‘कबुतर ०, मी ६.’ मॅडमच्या ओठांचे कोपरे हलले, पण त्या परीक्षक होत्या. त्यांनी पान उलटलं. “छान. आता शेवटचं. मातीची क्षारता यंत्राने मोजून लिहा. वीस गुण.”

सरांनी मखमली पिशवीतून यंत्र काढून दिलं. सरांनी शिकवल्याप्रमाणे मावशींनी माती भिजवली, गाळली, यंत्र बुडवलं. आकडा आला दोन.

मावशींनी आकड्याकडे पाहिलं. टबाकडे पाहिलं. मग चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, “यो यंतर खोटा बोलतंय. आठ हाय.”

“यंत्रावर दोन आहे,” मॅडम म्हणाल्या.

“म्हनून तर खोटा बोलतंय बोलले.”

“हे बघा आजी, मला यंत्राची नोंदच धरावी लागते. ती नसेल तर वीस गुण जातील. आणि वीस गुण गेले तर,” मॅडमनी फाइलमधली बेरीज पाहिली, “तर तुम्ही पास होत नाही.”

मी हळूच म्हणालो, “मावशी, दोन लिहा ना.” सुगंधा चहाचा ट्रे घेऊन आली होती, तीही डोळ्यांनी तेच म्हणत होती. वागळेसुद्धा म्हणाले, “अहो, लिहून टाका दोन आणि मोकळ्या व्हा.”

मावशी वागळ्यांकडे वळल्या. “दोन लिवला तर मना कागद मिलंल. मंग मी खाली येऊन तुमाला काय सांगू? पोटान मीठ नाय, खुशाल लावा गवत? वरसभर माजा भांडन ज्या मिठासाठी हाय, त्यालाच नाय बोलू?”

आणि त्यांनी वहीत लिहिलं, सावकाश, न खोडता: ‘यंतर दोन. जीब आठ.’ खाली सही केली.

मॅडमनी पेन उघडलं. ते कागदाला लागणार, एवढ्यात सबनीस सर पुढे झाले. त्यांनी शर्टाच्या बाहीची घडी नीट वर केली, टबात दोन बोटं घातली आणि चिमूटभर चिखल तोंडात टाकला.

“सर, थुंका!” परब मॅडम ओरडल्या.

सरांनी डोळे मिटले होते. पुण्यातल्या एका सभ्य घराण्याच्या सात पिढ्या त्या क्षणी कोलशेतच्या आकाशात हात जोडून उभ्या होत्या. सर शांतपणे जीभ टाळ्याला लावून विचार करत राहिले.

“लोणचं,” ते म्हणाले. “मुरलेलं. आठच.”

परब मॅडमनी सरांकडे पाहिलं, मग यंत्राकडे. हुशार बाई. त्यांनी सुगंधाकडून पेल्यात पाणी मागवलं, त्यात दोन चमचे मीठ ढवळलं आणि यंत्र बुडवलं. दोन. साध्या पाण्यात बुडवलं. दोन. मग त्यांनी इकडेतिकडे पाहून वागळ्यांच्या हातातल्या चहात बुडवलं. दोन. वागळे तो चहा नंतर प्यायले, हे मी स्वतः पाहिलं.

“यंत्र अडकलंय,” मॅडम म्हणाल्या.

“मी कवापासना काय बोलते,” मावशी म्हणाल्या.

तरी नियम तो नियम. मॅडमनी टबातली माती पिशवीत भरून, मोहोर लावून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेली आणि निकाल राखून ठेवला. ते पंधरा दिवस मावशी गोफणीला शिवल्या नाहीत. कबुतरांनी येऊन चौकशी केली, तरी नाही. फक्त भात कापला, झोडला, कांडला. एका टबाचा तांदूळ भरला पावणेदोन किलो. त्यातला आम्हा प्रत्येकाला मूठ-मूठ बांधून दिला. त्या भाताचा वास डोंबिवलीत आमच्या मजल्यावर असा पसरला, की वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू वाटी घेऊन खाली आल्या. वाटी रिकामी होती आणि त्यांना काही मागायचं नव्हतं. नुसत्या उभ्या राहिल्या.

सोळाव्या दिवशी केंद्रात कागद आला. प्रयोगशाळेचा आकडा: सात पूर्णांक नऊ. वीसपैकी वीस. हौसाबाई म्हात्रे, द्वितीय श्रेणी. हे वाचून दाखवताना सरांचा आवाज पुन्हा पहिल्या बाकाच्या अलीकडेच दमला, पण कारण वेगळं होतं.

मावशींनी कागद दोन्ही हातांत धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “पॉइंट एक वाटंत सांडला असंल.”

त्या संध्याकाळी ‘हरितस्वप्न’च्या फळ्यावर, तिन्ही नोटिसांच्या वर, चौकटीतलं प्रमाणपत्र लागलं. वागळे खाली आले. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. बाळाराम शपथेवर सांगतो की त्यांनी ते बोट फिरवत चार वेळा वाचलं. नियम त्यांचाच होता, शब्दही त्यांचेच. शेवटी म्हणाले, “एक हंगाम. एक कोपरा.”

“कनचा कोपरा ते सांगा,” मावशी म्हणाल्या.

“कुठलाही घ्या.”

हे ‘कुठलाही’ वागळ्यांच्या चाळीस वर्षांच्या परिपत्रकी कारकिर्दीतलं एकमेव ढिलं वाक्य. मावशींनी ते पक्कं ध्यानात ठेवलं.

पुढे माझी बदली नागपूरला झाली. पुदिन्यात नापास झालो ते निराळं. पुढच्या वर्षी जुलैच्या शेवटी एका लग्नाच्या बोलण्यांसाठी ठाण्याला आलो आणि पाय आपोआप कोलशेतला वळले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून चार थरांचा डबा घेतला. वॉचमनने मला पाहिलं, डबा पाहिला, आणि रजिस्टर पुढे न करता फाटक उघडलं.

हिरवळ नव्हती. बागेला कोपरे चार असतात आणि मावशींनी ‘कुठलाही’ घेतला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिखल, त्यात एका वितीवर एक अशा हिरव्या ओळी, आणि मधोमध मावशी, पातळाचा काचा मारून, गुडघाभर आत. सोनं सगळं काढून ठेवलेलं. सोसायटीच्या दहा-बारा बाया मागे ओळीने वाकलेल्या. त्यांना त्या ओरडून ओरडून वाकायला शिकवत होत्या. “ए सातवा माला, पाठ वाकव, मान नको वाकवू. तू काय मोबाईल बगतंस?” बांधावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले वागळे, एका हातात रोपांची जुडी, दुसऱ्या हातात आणखी एक.

मावशींनी मला अजून पाहिलं नव्हतं. त्या चालता चालता थांबल्या, वाकल्या, चिखलातून चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. सत्तावीस मजल्यांच्या सावलीत, बारक्या कवडशाएवढ्या उन्हाच्या तुकड्यात, अगदी स्वस्थ.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून कोणी नवीन भाडेकरू कठड्यावर ओणवा होऊन ओरडू लागला. “अहो सेक्रेटरी, त्या बाई चिखल तोंडात घालतायत. कोणी बघतंय की नाही इथे?”

वागळ्यांनी मान वर केली नाही. जुडीतली रोपं मोजत म्हणाले, “घालू द्या. त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे.”